बडोद्याचे विमान

जुन्या वस्तूंविषयी आमच्या वकिली धंद्यात एक सावधगिरी शिकवली जाते. वस्तू समोर आहे एवढ्यावरून ती खरे बोलते असे धरून चालू नये. ती कोणाच्या हातून कोठे फिरली, तिच्यावरचा मजकूर कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला, हे आधी विचारावे. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यापासून जुलै २०२४ मध्ये अंमलात आलेल्या नव्या अधिनियमापर्यंत कलमांचे आकडे बदलले. हा विवेक मात्र बदललेला नाही. न्यायालयाबाहेर, आणि तेही एका खेळण्याच्या बाबतीत, हाच विवेक मला महिनाभर छळील असे मात्र कधी वाटले नव्हते.

मडगावचे माझे एक वयोवृद्ध स्नेही आहेत. त्यांचे मामा तारवटी होते. मुंबईच्या कुडीत राहून बोटीवर नोकरी मिळवायची, वर्ष-दीड वर्ष समुद्रावर काढायचे आणि परतताना पेटीत भाच्यांसाठी काहीतरी आणायचे, हा त्या पिढीतील अनेक गोवेकरांचा जीवनक्रम होता. अशाच एका फेरीत, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, मामांनी एका इंग्रज बंदरातून प्लॅस्टिकची एक लहान पिशवी आणली. तिच्या तोंडाशी दुमडून टाचलेला छापील कागद होता, आणि आत चौकटीला जोडलेले विमानाचे सुटे भाग. भाच्याने ती पिशवी इतकी जपली की ती कधी उघडलीच नाही. गेल्या वर्षी त्यांनी ती माझ्या हाती ठेवली आणि हसत विचारले, "वकीलबाब, हाचें तुमच्या बडोद्याचें विमान करूं येता काय?"

या प्रश्नातील 'बडोद्याचे विमान' ही थट्टा नव्हती. त्याकडे वळण्यापूर्वी या पिशवीचा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण तो आपल्या वाटतो त्याहून पुष्कळ मोठा आहे.

लहान विमाने करण्याचा छंद विमानांइतकाच जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये लाकडाच्या तुकड्यांतून विमाने कोरण्याची हौस वाढली, आणि १९३० नंतरच्या दशकात 'स्कायबर्ड्स' नावाचे लाकडी संच मुलांत लोकप्रिय झाले. त्यांनी जे प्रमाण रूढ केले तेच पुढे टिकले: मूळ वस्तूच्या बहात्तराव्या भागाइतकी प्रतिकृती. हा आकडा चमत्कारिक वाटतो, परंतु इंग्रजी मापात तो अगदी सरळ आहे. सहा फुटांचे बहात्तर इंच होतात. म्हणून सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. ३६ फूट १० इंच पंखविस्ताराचे स्पिटफायर विमान अशा मापाने सहा इंचांहून किंचित अधिक भरते आणि तळहातावर मावते.

१९३६ मध्ये 'फ्रॉग' या नावाने विकल्या जाणाऱ्या खेळण्यांच्या मालिकेत एक नवी शाखा निघाली. फ्रॉगची आधीची विमाने खरोखर उडत. नावातच 'जमिनीवरून थेट उडते' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे गुंफलेली होती. नवी विमाने उडणारी नव्हती, म्हणून त्यांना न उडणाऱ्या पक्ष्याचे, पेंग्विनचे, नाव मिळाले. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमान करण्याचे हे पहिले संच होत. त्यांचे द्रव्य होते सेल्युलोज ॲसिटेट. ते काळाबरोबर वाकते, पिळवटते. त्यामुळे त्या विमानांपैकी फारच थोडी आज सरळ पंखांनी उभी आहेत. दुसऱ्या महायुद्धात अशाच लहान विमानांचा उपयोग आकाशातील विमान आपले की शत्रूचे हे सैनिकांना ओळखू यावे म्हणून झाला. ज्या खेळण्याला आपण बालिश म्हणतो, त्याने एकेकाळी प्राण वाचवले आहेत.

युद्धानंतर या धंद्याला जे नाव लाभले ते एअरफिक्सचे. तिचा संस्थापक निकोलस कोव्ह हा हंगेरियन ज्यू होता; युरोपातून परागंदा होऊन तो इंग्लंडमध्ये आला आणि १९३९ मध्ये त्याने हा कारखाना काढला. आरंभी तेथे हवा भरलेली रबरी खेळणी होत. व्यापारी नामसूचीत आपले नाव वर यावे म्हणून त्याने 'अ' ने सुरू होणारे नाव पसंत केले, असे सांगतात. पुढे कारखान्याने प्लॅस्टिकच्या फण्या काढल्या आणि त्यांत मोठा जम बसवला. वितळलेले प्लॅस्टिक दाब देऊन पोलादी साच्यात घालायचे, आणि काही क्षणांत थंड झालेला तुकडा बाहेर काढायचा, ही नवी यंत्रविद्या फणी करता करता त्याच्या हाती आली. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती करण्याचे काम आले. ते भाग हाताने जोडताना खर्च वाढू लागला, तेव्हा तेच भाग न जोडता पिशवीत घालून विकावेत अशी युक्ती निघाली. १९५२ मध्ये 'गोल्डन हाइंड' हे ड्रेकचे जहाज वूलवर्थच्या दुकानांतून विकले जाऊ लागले. किंमत दोन शिलिंग. तेवढ्यात पुठ्ठ्याची पेटी परवडत नव्हती, म्हणून साधी पिशवी आणि तिच्या तोंडाशी दुमडलेला कागद; जोडणीच्या सूचनाही त्याच कागदावर. मडगावच्या मामांनी आणलेल्या पिशवीचा घाट असा एका किंमतीच्या मर्यादेतून जन्मला होता.

त्यानंतर विमान आले. ते स्पिटफायर होते, यात आश्चर्य नाही. इंग्रज मुलांच्या मनात १९४० नंतर दुसरे विमान नव्हते. हे विमान करण्यास कोव्हचा विरोध होता. ते विकले जाणार नाही, आणि न विकले गेले तर साच्याचा खर्च आपण योजकांच्या माथी मारू, अशी धमकी त्याने दिली होती असे सांगतात. संच निघाला तो अमेरिकेतील ऑरोरा कंपनीच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाच्या स्पिटफायरवरून लहान करून. त्याच्या अंगावर जी अक्षरे होती, 'बी टी' आणि 'के', त्यांनी तो संच पुढे जगभर ओळखला गेला. जाणकार मात्र सांगतात की ती अक्षरे वाहणारे लढाऊ स्पिटफायरांचे पथक युद्धात नव्हते. म्हणजे लक्षावधी मुलांनी प्रेमाने जोडलेले ते पहिले स्पिटफायर प्रत्यक्षात कधी उडालेच नव्हते. माझ्या हातातील पिशवीत नेमका हाच संच होता. साक्षीदार उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला फुटावा, तसे झाले.

आता बडोद्याकडे वळू.

विमान दान करण्याची कल्पना पहिल्या महायुद्धातील. १९१८ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या पथकाची डीएच-९ए जातीची विमाने हैदराबादच्या निजामांच्या देणगीतून आली, आणि प्रत्येकाच्या अंगावर तशी अक्षरे रंगवली होती. त्यांपैकी 'हैदराबाद क्रमांक १२ ए' हे विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती पडले. पुढे ते बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये पोहोचले आणि १९७७ मध्ये इंग्लंडला परतले. आज ते लंडनच्या हवाई दल संग्रहालयाच्या संग्रहात आहे. हैदराबादच्या रयतेच्या पैशाचे विमान साठ वर्षे युरोपभर फिरत राहिले, आणि त्याच्या नावाचे गाव मात्र त्याने कधी पाहिले नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर संकट आले तेव्हा विमान-उत्पादन मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी स्पिटफायरसाठी वर्गणी मागितली. एका विमानाची ठोकळ किंमत पाच हजार पौंड ठरवली गेली. लहान देणगीदाराला आपण काय दिले हे कळावे म्हणून सुट्या भागांचीही किंमत छापली. सहा पेन्समध्ये एक रिव्हेट. खेडी, शहरे, कारखाने, वसाहती आणि आपली संस्थाने, साऱ्यांनी पैसे पाठवले. मोठ्या देणगीदारांची नावे संपूर्ण पथकांना जोडण्यात आली. १५२ वे पथक हैदराबादचे झाले आणि त्याच्या बोधचिन्हात निजामांची पगडी बसली. २५३ वे पथक हैदराबाद संस्थानच्या नावाने ओळखले गेले. आणि १२४ व्या पथकाला नाव मिळाले बडोद्याचे. त्याच्या बोधचिन्हात मुंगूस होते. त्याच्या ब्रीदवाक्याचा भावार्थ असा की संकट हीच आमची संधी.

हे पथक १० मे १९४१ रोजी स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला, कॅसलटाउन येथे उभे राहिले. जवळच स्कापा फ्लो हा इंग्रज आरमाराचा मोठा तळ. तेथे उन्हाळ्यात रात्र जवळजवळ होतच नाही. बडोद्याच्या नावाची विमाने त्या फिकट उजेडात समुद्रावर पहारा देत. नोव्हेंबर १९४१ मध्ये ते लंडनजवळ बिगिन हिल येथे आले, पुढे अतिउंचावर लढणारी खास स्पिटफायरे त्याला मिळाली, आणि १ एप्रिल १९४६ रोजी त्याला ५६ वा क्रमांक देऊन बडोद्याचे नाव पुसण्यात आले.

आमच्या घरात या पथकाचे नाव मी लहानपणीच ऐकले होते. माझे आजोबा बडोदे राज्याच्या महसूल खात्यात कारकून होते. युद्धफंडाचा विषय निघाला की ते तीनच गोष्टी बोलत: नाव बडोद्याचे, पैसा कुळांचा, आणि लढाई तिसऱ्याचीच. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. वसुलीची वही ज्याने वर्षानुवर्षे लिहिली त्याचा तो हिशेब होता. १९३९ मध्ये सयाजीराव महाराज निवर्तले आणि प्रतापसिंहराव गादीवर आले. लोकांच्या मनात सयाजीरावांच्या काळातील ग्रंथालये, शाळा, सक्तीचे प्राथमिक शिक्षण यांची आठवण ताजी होती. म्हणून राज्याचा पैसा कोठे जातो याकडे बडोदेकरांचे लक्ष असे.

या हिशेबाची एक बाजू मला तारखांत सापडली. १८ ऑगस्ट १९४२ रोजी आणंदजवळच्या अडास स्थानकापाशी पोलिसांनी गोळीबार केला. 'चले जाव' ची पत्रके गावोगाव पोहोचवायला निघालेले बडोद्याचे विद्यार्थी त्यात सापडले आणि त्यांपैकी पाच मृत्युमुखी पडले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्ट रोजी, फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएप येथे दोस्तांचा मोठा आणि अपयशी ठरलेला हल्ला झाला, आणि वर आकाशात लढणाऱ्या पथकांत बडोद्याचे १२४ वे पथक होते. एकाच शहराच्या नावावर सलग दोन दिवस दोन ठिकाणी रक्त सांडले. एका ठिकाणी बडोद्याची मुले ब्रिटिश राज्याच्या गोळ्यांनी मेली. दुसऱ्या ठिकाणी बडोद्याचे नाव घेतलेले वैमानिक त्याच ब्रिटिश राज्यासाठी, आणि हेही विसरता येत नाही की हिटलरच्या विरुद्ध, लढले. या दोन नोंदींपैकी एक खोडून दुसरी राखावी असे मला वाटत नाही. इतिहासाची वही अशीच असते. जमा आणि नावे यांची पाने समोरासमोर येतात, आणि बाकी शून्य येतेच असे नाही.

हे सारे मनात ठेवून मी कामाला बसलो.

प्रथम भाग कोमट पाण्यात साबणाने धुतले. साच्यातून तुकडा सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला असेल तर रंग धरत नाही. मग चौकटीपासून एकेक भाग कापला, कडेची फाजील पापुद्र्याची धार कानसीने उतरवली. जोडण्याचा द्रव साध्या डिंकासारखा चिकटत नाही. तो पॉलिस्टिरीनच विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत मुरतात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. म्हणून तो थेंबभर पुरतो, आणि थेंब सांडला तर जेथे सांडेल तेथे डाग कायमचा. वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर माझ्याकडून असा एक थेंब सांडला, आणि तो धुरकट ठिपका अद्याप तेथे आहे. तो लपवण्याचा मी प्रयत्न केलेला नाही.

पंख आणि अंग यांच्या सांध्यात फट राहिली. जुन्या साच्यांचा हा नेहमीचा दोष. ती पुट्टीने भरली, वाळल्यावर ओल्या पॉलिश पेपरने घासली. त्या काळच्या संचांवर विमानाचे रिव्हेट पुष्कळदा उठावाचे दाखवलेले असत, इतके मोठे की खऱ्या विमानावर ते वाटीएवढे झाले असते. घासताना ते जातात, आणि तसे ते गेलेलेच बरे, असे अनुभवी लोक म्हणतात. माझ्या हाताला मात्र तेथे थोडे अडखळायला झाले. सहा पेन्सचा एक रिव्हेट कोणाच्या तरी वर्गणीतून आला होता, ही आठवण कागद फिरवताना येत होती.

आता रंग. आणि येथे खरा खटला सुरू झाला.

संचावरील अक्षरे खोटी, हे आधीच सिद्ध झाले होते. तेव्हा बडोद्याचे विमान करायचे, तर ते कोणत्या दिवसाचे करायचे हे ठरवणे भाग होते. कारण युद्धातील स्पिटफायरचा रंग वारंवार बदलत गेला, आणि प्रत्येक बदल आज्ञापत्रांनी नोंदलेला आहे. रंग म्हणजे सजावट नव्हती. आपल्याच तोफांनी आपले विमान पाडू नये आणि शत्रूला ते जमिनीवर दिसू नये, या दोन भीतींतून तो ठरत असे.

मी उलटा हिशेब केला. संचातील विमानाच्या पंखांतून पुढे आलेल्या तोफांच्या नळ्या नाहीत. म्हणजे ते नंतरचे, तोफांचे स्पिटफायर नव्हे. १२४ व्या पथकाने आठ मशीनगनांची जुनी विमाने आपल्या पहिल्या महिन्यांत वापरली. पथक मे १९४१ मध्ये उभे राहिले. त्याआधी काही महिने लढाऊ विमानांच्या डाव्या पंखाचा तळ काळा रंगवत असत, परंतु ती पद्धत एप्रिल १९४१ मध्येच बंद झाली होती. म्हणून काळा पंख नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये विमानाच्या वरच्या बाजूचा मातकट तपकिरी रंग जाऊन समुद्री करडा आला, आणि पंखांच्या पुढच्या कडेला पिवळी पट्टी आली. म्हणून करडा नाही, पिवळी पट्टीही नाही. उरतो तो मे ते ऑगस्ट १९४१ चा एक उन्हाळा. वर गडद हिरवा आणि तपकिरी यांचे आडवेतिडवे पट्टे. खाली 'स्काय' नावाचा फिकट हिरवट रंग. शेपटीजवळ त्याच रंगाचा एक उभा पट्टा आणि पंख्याचे टोकही त्याच रंगाचे. अंगावर निळे-पांढरे-तांबडे चक्र आणि भोवती पिवळे वलय. अशा रीतीने एका रिकाम्या पिशवीतून तीन महिन्यांचा एक निश्चित काळ हाती लागला. परिस्थितीजन्य पुराव्याने एवढे सिद्ध होणे माझ्या अशिलांच्या वाट्याला क्वचितच येते.

'स्काय' ची मात्र गंमत वेगळी. १९४० च्या उन्हाळ्यात तो रंग वापरा असा हुकूम गेला, पण रंग पुरेसा पोहोचला नाही. मग ज्याला जसा जमला तसा त्याने तो मिसळला. त्यामुळे एकाच हुकमाची अंमलबजावणी निळसर, हिरवट, मळकट अशा अनेक छटांत झाली. हुकूम एक आणि अंमल अनेक, हे आपल्या महसुली इतिहासाच्या वाचकाला नवे नाही.

रंगाच्या लहान डब्या मी इंग्लंडहून आणवलेल्या हंब्रोलच्या घेतल्या. मूळ हंबर ऑइल कंपनी हल येथे १९१९ मध्ये निघाली, आणि त्या चिमुकल्या डब्यांवरचे आकडे जगभरचे शौकीन पाढ्यासारखे म्हणतात. तपकिरीचा २९, गडद हिरव्याचा ३०. पहिला हात मी घाईने जाड दिला. एनॅमल रंग जाड दिला की बारीक रेषा बुडतात आणि कडेला ओघळ येतो. तो सगळा पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली. पातळ करून दोन हात, आणि दोहोंच्या मध्ये एका दिवसाचा विसावा, हा नियम तेव्हा पटला. आधी फिकट तळ, मग वरचा तपकिरी, मग कागदी चिकटपट्टीने सीमा आखून हिरवा. सावंतवाडीच्या कारागिराने लाकडी फळावर लाख चढवावी, किंवा पेणच्या मूर्तिकाराने गणपतीचे डोळे शेवटी आखावेत, तसाच येथेही क्रम असतो. क्रम चुकला की हात कितीही चांगला असो, वस्तू बिघडते.

त्यानंतर चकचकीत व्हार्निशचा एक हात. हे पाहणाऱ्याला विचित्र वाटते, कारण शेवटी विमान निस्तेजच हवे असते. पण पाण्यात भिजवून उतरवायची खुणांची चित्रे खडबडीत रंगावर बसवली तर त्यांच्याखाली हवा राहते आणि चित्र चांदीसारखे चकाकते. गुळगुळीत थरावर ते सपाट बसते, आणि त्यावर निस्तेज व्हार्निशचा हात दिला की चित्र आणि रंग वेगळे ओळखू येत नाहीत. साठ वर्षांपूर्वीच्या चित्रांचा कागद पिवळा पडला होता. तो खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात काही दिवस ठेवला तेव्हा पिवळेपणा पुष्कळ ओसरला. जुनी चित्रे पाण्यात पडताच तुकडे तुकडे होतात, म्हणून आधी त्यांवर व्हार्निशचा पातळ थर द्यावा लागतो. इतके केले तरी एक चक्र फुटले. ते मी हाताने रंगवले.

आता अक्षरे उरली. १२४ व्या पथकाची मे १९४१ पासूनची सांकेतिक अक्षरे 'ओ एन' होती, हे निश्चित आहे. प्रत्येक विमानावर पथकाच्या दोन अक्षरांखेरीज त्या विमानाचे स्वतःचे एक अक्षर असे, आणि शेपटीजवळ त्याचा नोंदणी-क्रमांक. त्या उन्हाळ्यात कॅसलटाउन येथे उभ्या असलेल्या एखाद्या नेमक्या विमानाचे अक्षर आणि क्रमांक दोन्ही जुळवून देणारा विश्वासार्ह कागद माझ्या हाती नव्हता.

येथे मोह पडतो. 'ब' साठी 'बी' घालावे, बडोदे म्हणून ते शोभेलही. आजोबांच्या नावाचे आद्याक्षर घालावे, घरातल्यांना आनंद होईल. कोणी तपासायला येणार नाही. परंतु मागच्या साठ-सत्तर वर्षांत 'बी टी के' हे असेच घडले असेल ना? कोणा एका टेबलावर कोणीतरी शोभेल असे एक अक्षर घातले, आणि मग ते जगभर छापले गेले. ज्यांनी ते जोडले त्या लक्षावधी मुलांना ते खरेच वाटले. सद्हेतूने घातलेले खोटे अक्षर हे हेतुपुरस्सर घातलेल्या खोट्या अक्षराइतकेच टिकते. किंबहुना अधिक टिकते, कारण त्यावर कोणी आक्षेप घेत नाही.

आणखी एक विचार मला अडवत होता. बडोद्याच्या नावाने इतके विकले, दिले, रंगवले आणि पुसले गेले, की त्यात आणखी एक काल्पनिक अक्षर मी का घालावे? १ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ मध्ये प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेण्यात आली. पथकाचे नाव त्याआधीच गेले होते. ज्यांच्या पैशाने ते विमान उडाले त्या कुळांची नावे तर कधी कोठे रंगवलीच गेली नाहीत. नाव देणारे आणि पैसा देणारे यांच्यामधली ही जागा रिकामीच होती. ती मी माझ्या कुंचल्याने भरली तर ते सजावटीचे काम होईल, इतिहासाचे नव्हे.

म्हणून विमानाच्या अंगावर चक्राच्या एका बाजूला मी 'ओ एन' ही करडी अक्षरे लावली आणि दुसऱ्या बाजूची जागा कोरी ठेवली. शेपटीजवळचा क्रमांकही घातला नाही. निस्तेज व्हार्निशचा शेवटचा हात दिला, चाके बसवली, आणि पिशवीच्या तोंडाशी असलेला मूळ छापील कागद सपाट करून विमानाखाली ठेवला. 'बी टी के' ची चित्रे फेकली नाहीत. ती एका पाकिटात, तारीख टाकून, त्याच कागदाजवळ आहेत. न्यायालयात खोटा ठरलेला दस्तऐवजही मिसलीतून काढून टाकत नाहीत.

डिसेंबरमध्ये मी मडगावला गेलो तेव्हा विमान बरोबर नेले. माझ्या स्नेह्यांनी ते उजेडात धरले, बराच वेळ पाहिले, आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवून हे राहिले का असे विचारले. मी कारण सांगितले. ते म्हणाले की मामांनी पिशवी आणली तेव्हा बोटीवरच्या एका जोडीदाराने हीच अक्षरे पाहून म्हटले होते, या नावाचे विमान युद्धात कोणी पाहिलेले नाही. मामा तेव्हा हसले होते. इतकी वर्षे ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, कारण भाच्याच्या भेटीत खोट आहे असे कोण म्हणतो?

विमान आता त्यांच्या दिवाणखान्यात, मामांच्या छायाचित्राखाली आहे. तिसऱ्या अक्षराची जागा अजून कोरी आहे. कधी एखादा कागद सापडला, तर रंगाच्या डबीत थोडा करडा शिल्लक आहे.